पुरजळचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

हैदराबादच्या नारायणगुडा भागातून जाताना केशव स्मारक या शिक्षणसंस्थेची पाटी दिसते. ज्यांच्या नावाने ती 1940 साली उभी राहिली, ते केशवराव कोरटकर मूळचे आपल्या मराठवाड्याचे, हे अनेकांच्या गावीही नसते. वसमत परिसरातील पुरजळ या खेड्यात 1867 साली त्यांचा जन्म झाला. हा मुलूख तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातला. 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुरजळ तिकडे गेले. परंतु केशवरावांवरचा परभणीकरांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

त्यांच्या बालपणी परभणीस रेल्वे नव्हती. गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड मार्ग सुरू झाला तो 1900 च्या सुमारास. संस्थानात प्रजा मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी. कोर्टकचेऱ्यांचे कामकाज मात्र उर्दूत चाले. केशवरावांनी प्रथम गुलबर्ग्यास वकिली केली आणि नंतर ते राजधानीत आले. हैदराबादेत त्यांची गणना नामांकित वकिलांत होऊ लागली. पुढे संस्थानाच्या हायकोर्टात न्यायमूर्तीचे पदही त्यांच्याकडे चालून आले. पुरजळसारख्या आडगावातून निघालेल्या माणसाने त्या काळी हे पद मिळवणे ही असामान्य गोष्ट होती.

परंतु केशवरावांचे मोठेपण या पदात सामावत नाही. निजामाच्या राज्यात लोकांना कारभारात वाटा नव्हता. चांदा रेल्वेच्या योजनेला विरोध केल्याबद्दल प्रा. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्यासारख्या विद्वानास 1883 साली संस्थानाबाहेर जावे लागले होते. अशा राज्यात उघड राजकारण म्हणजे हद्दपारीला निमंत्रण. केशवरावांनी हे ओळखले आणि शाळेची वाट धरली. राजकीय हक्क मागण्यासाठी आधी मागणारा समाज तयार झाला पाहिजे, अशी त्यामागची दृष्टी होती.

1907 साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली. वामनराव नाईक आणि केशवराव ही नावे विवेकवर्धिनीच्या इतिहासात जोडीनेच घेतली जातात. मराठी मुलांना मातृभाषेतून शिकता यावे, यासाठी राजधानीत झालेला हा मोठा प्रयत्न होता. समाजसुधारणेची अधिवेशनेही याच वास्तूच्या आश्रयाने भरत. 1921 साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत एका तेलुगू वक्त्याची हेटाळणी झाली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघम् स्थापन केला. ज्या मराठी समाजाने आपल्या भाषेसाठी शाळा काढली, त्याच समाजाच्या सभेत दुसऱ्या भाषेचा अपमान व्हावा, ही त्या चळवळीची उणी बाजूही नोंदवली पाहिजे.

सुलतान बाजारातील आर्य समाजाची धुरा केशवरावांनी दीर्घकाळ वाहिली. त्यांची निष्ठा घराबाहेरच थांबली नाही. मुलगा विनायक यास त्यांनी सरकारी नोकरीच्या दिशेने न वळवता हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात धाडले. तेथील विद्यालंकार ही पदवीच पुढे विनायकरावांचे आडनाव बनली. एकीकडे निजामाच्या न्यायासनावर बसायचे आणि दुसरीकडे निजामी सत्तेला खटकणाऱ्या संस्थांना बळ द्यायचे, ही तारेवरची कसरत होती. 1929 च्या गश्ती निशाण 53 ने सभांवर बंधने आली, तेव्हा तर शाळा आणि समाजमंदिर हेच लोकांचे आधार उरले.

1932 साली केशवरावांचे निधन झाले. आर्य समाजाचा 1939 चा सत्याग्रह, 1948 ची पोलीस कारवाई, यांपैकी काहीही त्यांनी पाहिले नाही. ज्या लढ्याची जमीन त्यांनी नांगरली, त्यात विनायकराव मात्र अग्रभागी होते. पुढे ते हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि 1957 साली हैदराबादमधून लोकसभेवर निवडून गेले.

न्यायमूर्ती म्हणून केशवरावांनी दिलेले निकाल आज कोणाच्या वाचनात नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या शाळांतून मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिकून बाहेर पडल्या. त्यांची जन्मभूमी असलेल्या परभणी-हिंगोलीच्या विद्यार्थ्यांना निदान त्यांचे नाव तरी ठाऊक असावे, एवढी अपेक्षा वावगी ठरू नये.