एबल कोण होता?

फ्युएल लॅबमधलं पितळी उपकरण पुसताना मला वाटायचं, ‘एबल’ हे कंपनीचं नाव असावं. व्हायव्हाला सरांनी विचारलं नि माझी दांडी गुल! मग लायब्ररी गाठली.

सर फ्रेडरिक एबल जन्मले १८२७ साली, वुलिचला. हॉफमन यांचे विद्यार्थी. १८५२ मध्ये वुलिचच्या लष्करी अकादमीत त्यांना फॅरेडेंची जागा मिळाली. तेव्हा घरोघरी रॉकेलचे दिवे, आणि तेल हलकं असलं की भडका उडून माणसं भाजत. तपासणी उघड्या भांड्यात व्हायची. वाफ वाऱ्यावर जायची नि धोक्याचं तेलही पास व्हायचं. एबल यांनी भांड्याला झाकण बसवलं. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने ही पद्धत स्वीकारली. उघड्या भांड्यातली १०० अंश फॅरनहाइटची मर्यादा बंद भांड्यात ७३ झाली. १८८९ मध्ये डिवार यांच्यासोबत कॉर्डाइट शोधणारे एबल १९०२ साली वारले.

७३ फॅरनहाइट म्हणजे साधारण २३ सेल्सिअस. आपल्या पेट्रोलियम कायद्यातल्या ‘अ’ वर्गाची सीमाही तीच!

गॅदरिंगच्या बॅनरसाठी आणलेलं थिनर आम्ही रात्रभर उघडं ठेवलं होतं, शेजारी पेटती शेगडी. नशीब बलवत्तर! मित्रांनो, झाकण लावा.