ड्रेफसची सेवाज्येष्ठता

फ्रान्सच्या संसदेने २०२५ साली एक लहानसा कायदा संमत केला. त्यान्वये आल्फ्रेड ड्रेफस या तोफखान्यातील अधिकाऱ्यास ब्रिगेडियर जनरलचे पद मरणोत्तर देण्यात आले. ड्रेफस १९३५ साली वारला. म्हणजे बढतीचे हे प्रकरण त्याच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी निकालात निघाले. मूळ अन्याय १९०६ सालचा धरला तर सुमारे एकशेवीस वर्षांनी. ड्रेफस म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांस एमिल झोला आठवतो, लेखणीचे सामर्थ्य आठवते, युरोपातील ज्यूद्वेष आठवतो. ते योग्यच आहे. तथापि ज्याचे नाव त्या प्रकरणाला मिळाले तो मनुष्य कोणते काम करीत होता आणि निर्दोष ठरल्यावर त्याच्या पदरात नेमके काय पडले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ड्रेफसचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ रोजी आल्सेस प्रांतातील मुलूझ या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील कापडगिरणीचे मालक होते. १८७०–७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव होऊन आल्सेस जर्मनीकडे गेला, तेव्हा या कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व कायम राखण्याचा पर्याय स्वीकारला. गिरणी सांभाळण्यास थोरले भाऊ होते. धाकट्या आल्फ्रेडने सैन्याची वाट धरली. १८७८ साली तो पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या विख्यात संस्थेत दाखल झाला आणि पुढे फाँतेनब्लो येथील तोफखान्याच्या शाळेत शिकला. तोफखान्याची ही निवड अर्थपूर्ण होती. घोडदळात घराण्याला मान असे, तोफखान्यात गणिताला. गोळ्याचा मार्ग, दारूचा दाब, नळीचा कोन ही गणिते कोणाची जात विचारीत नाहीत. निदान त्या तरुणाला तसे वाटले असावे.

१८८९ साली तो कॅप्टन झाला आणि बूर्ज येथील दारूगोळ्याच्या शाळेत काम करू लागला. पुढल्या वर्षी ल्यूसी हादामार हिच्याशी त्याचा विवाह झाला व उच्च युद्धशिक्षणाच्या विद्यालयात त्याला प्रवेशही मिळाला. तेथून तो १८९२ साली नवव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. एका परीक्षकाने ज्यू उमेदवारांना मुद्दाम कमी गुण दिले नसते तर क्रमांक आणखी वर असता. १८९३ च्या प्रारंभी तो सरसेनापतींच्या कार्यालयात उमेदवारीवर रुजू झाला. स्वभावाने अबोल, काहीसा ताठर, कामात चोख, मित्र थोडे.

सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिसमधील जर्मन लष्करी प्रतिनिधीच्या कचऱ्याच्या टोपलीतून एक बिनसहीचा कागद फ्रेंच हेरखात्याच्या हाती आला. जर्मनांना पुरवावयाच्या लष्करी माहितीची ती यादी होती. तीत तोफखान्याचे विषय असल्यामुळे फितूर तोफखान्याचाच, असे ठरले आणि अक्षर जुळते म्हणून १५ ऑक्टोबरला ड्रेफसला अटक झाली. हेतू काय, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो प्रथम पडतो. हा गृहस्थ श्रीमंत, कर्ज नाही, जुगाराचे व्यसन नाही. तो कशासाठी देश विकील? उलट तो कागद ज्याने खरोखर लिहिला होता तो पायदळाचा मेजर एस्टरहाझी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता.

त्या यादीतील पहिलीच बाब पाहण्याजोगी आहे. ती १२० मिलिमीटरच्या नव्या तोफेविषयी होती. तोफ उडाली की तिची नळी जोराने मागे रेटली जाते. द्रव आणि दाबलेली हवा या दोहोंच्या साहाय्याने तो धक्का शोषून नळी पुन्हा जागेवर आणणारी योजना हे या तोफेचे वैशिष्ट्य होते. यादीच्या लेखकाने मात्र तिला केवळ द्रवाचा ब्रेक म्हटले होते. तोफखान्याच्या शाळेतून आलेला, बूर्जला काम केलेला अधिकारी अशी चूक करणे दुरापास्त. शिवाय गोळामारीची नियमपुस्तिका मिळणे फार कठीण असल्याचे त्या लेखकाने कळविले होते; तोफखान्यातील अधिकाऱ्याला ती मिळविणे मुळीच कठीण नव्हते. तत्कालीन युद्धमंत्री जनरल मर्सिए हा स्वतः तोफखान्याचा मनुष्य. त्याच्या ध्यानात हे यावयास हवे होते. पुढे १९०४ च्या फेरतपासात चार सेनाधिकाऱ्यांच्या समितीने हाच अभिप्राय दिला, पण तोवर दहा वर्षे लोटली होती.

अक्षरतज्ज्ञांत एकमत नव्हते. तेव्हा पोलिसांच्या शरीरमापन विभागाचा प्रमुख बर्तियाँ पुढे आला. त्याचा युक्तिवाद असा की, अक्षर जेथे ड्रेफससारखे आहे तेथे ते त्याचेच, आणि जेथे वेगळे आहे तेथे त्याने पकडले जाऊ नये म्हणून मुद्दाम वेगळे काढले. या तर्कातून निर्दोष मनुष्याने सुटावे कसे? बर्तियाँने त्याला संभाव्यतेच्या गणिताचा मुलामाही दिला. पुन्हा पुन्हा आलेल्या तेरा शब्दांच्या आरंभी व शेवटी मिळून सव्वीस ठिकाणे. त्यांपैकी चार ठिकाणी विशिष्ट जुळणी आढळली. एका जुळणीची संभाव्यता एकपंचमांश, म्हणून चारांची सोळा दशसहस्रांश, सबब हा योगायोग नव्हे! पण हा गुणाकार चारांपैकी चारही जुळण्याचा आहे. सव्वीसांपैकी निदान चार जुळण्याची संभाव्यता काढा. ती दहात सुमारे आठ येते. संख्याशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी यात नापास झाला असता. आँरी प्वाँकारेसारख्या थोर गणितज्ञाने दोन सहकाऱ्यांसह १९०४ साली हा डोलारा रीतसर मोडून काढला.

१८९४ च्या डिसेंबरात लष्करी न्यायालयाने बंद दाराआड, आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखविलेली कागदपत्रे वाचून एकमताने शिक्षा दिली. ५ जानेवारी १८९५ रोजी लष्करी विद्यालयाच्या प्रांगणात त्याची पदचिन्हे उपटण्यात आली व तलवार मोडण्यात आली. मग दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स आयलंडवर चार वर्षांहून अधिक काळ एकांतवास. पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलण्याची बंदी होती. १८९६ साली तो पळाल्याची खोटी अफवा उठली, तेव्हा रात्री पायांत बेड्या घालून त्याला खाटेला जखडून ठेवीत. त्या बेटावरच्या त्याच्या वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत गणिते सोडविलेली दिसतात.

त्यानंतरचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. हेरखात्याचा प्रमुख पिकार याला १८९६ साली खरा गुन्हेगार सापडला व त्याबद्दल त्याचीच बदली झाली. जानेवारी १८९८ मध्ये एस्टरहाझी निर्दोष सुटला आणि दोनच दिवसांनी झोलाचे जळजळीत पत्र प्रसिद्ध झाले. हेरखात्यातील आँरी याने बनावट पुरावा रचल्याचे उघड होताच त्याने कोठडीत आत्महत्या केली. तरीही १८९९ च्या फेरखटल्यात रेनच्या लष्करी न्यायालयाने ड्रेफसला पुन्हा दोषी ठरविले. मात्र सौम्य परिस्थिती लक्षात घेऊन दहा वर्षे. देशद्रोहात सौम्य परिस्थिती ती कोणती, हे न्यायाधीशांनाच ठाऊक. राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, आणि खंगलेल्या ड्रेफसने ती स्वीकारली. त्याच्या काही समर्थकांना ते रुचले नाही. त्यांनी ते बेट पाहिले नव्हते.

१२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. दुसऱ्याच दिवशी संसदेने त्याला मेजरच्या पदावर सैन्यात परत घेतले. पिकारही सैन्याबाहेर काढला गेला होता. त्यालाही त्याच दिवशी परत घेऊन ब्रिगेडियर जनरल करण्यात आले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. पिकारची ज्येष्ठता १० जुलै १९०३ पासून धरली गेली. आपल्या कचेऱ्यांत ज्याला मानीव दिनांक म्हणतात तो त्याला मिळाला. ड्रेफसला मिळाला नाही. त्याची ज्येष्ठता कायद्याच्या तारखेपासूनच मोजली गेली. अटकेपासूनची जवळजवळ बारा वर्षे सेवापुस्तकातून गळाली. सतरा वर्षांपूर्वी कॅप्टन झालेल्या मनुष्याला आता निवृत्तीच्या वयापूर्वी जनरल होणे शक्य नव्हते.

हे अनवधानाने झाले असे म्हणता येत नाही. ड्रेफसने दाद मागितली. ऑक्टोबर १९०६ पासून युद्धमंत्री कोण होता? तोच पिकार. त्याने व पंतप्रधान क्लेमान्सोने, म्हणजे ज्याच्या पत्रात झोलाचा लेख छापला गेला त्याच गृहस्थाने, काही बदलले नाही. शासन चूक कबूल करते तेव्हा मानसन्मान सहज देते, कारण त्याला खर्च नसतो. ज्येष्ठता दिली की ज्यांनी मधल्या काळात वरची पदे घेतली त्यांना सरकावे लागते. ड्रेफसला लीजन ऑफ ऑनरचे पदक मिळाले; ज्येष्ठता मिळाली नाही. १९०७ साली तो निवृत्त झाला.

१९०८ साली झोलाच्या अस्थी पँथियनमध्ये नेल्या जात असता एका पत्रकाराने ड्रेफसवर गोळ्या झाडल्या व त्याचा दंड जखमी झाला. हल्लेखोराला ज्यूरीने सोडून दिले. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा चोपन्न वर्षांचा हा निवृत्त मेजर पुन्हा गणवेशात आला. प्रथम पॅरिसच्या संरक्षणफळीवर तोफखान्याचे काम पाहिले. १९१७ साली त्याने आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला आणि शमाँ दे दाम व व्हर्डून येथे एका डिव्हिजनच्या तोफांना दारूगोळा पुरविणारे पथक सांभाळले. मुलगा प्येरही तोफखान्यातच लढत होता. १९१८ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याला लेफ्टनंट कर्नलचे पद मिळाले.

निर्दोष ठरल्याच्या दिवसाला बरोबर एकोणतीस वर्षे झाली त्याच तारखेला, १२ जुलै १९३५ रोजी, तो वारला. पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीतील दगडावर लेफ्टनंट कर्नल आल्फ्रेड ड्रेफस असे कोरलेले आहे. त्याच दगडावर मादलेन लेव्ही या त्याच्या नातीचेही नाव आहे. जर्मनांनी तिला ऑशविट्झला नेले आणि तेथे १९४४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती मरण पावली.