चार्ल्स डार्विन : प्रश्नाची साथ न सोडणारा विद्यार्थी

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ येतो. आपली मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि डार्विन हे नाव चार गुणांच्या उत्तरात संपून जाते. आमच्या मते त्या उत्तरामागचा माणूस मुलांना भेटला पाहिजे. केसपुत्त येथे तथागतांनी कालामांना परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काहीही न स्वीकारण्याचा उपदेश केला होता. तो मार्ग प्रत्यक्ष कसा चालावा लागतो, याचे एक उदाहरण म्हणून हे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूसबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. आठव्या वर्षी आई गेली आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स निवासी शाळेत दाखल झाला. घर शाळेपासून सुमारे मैलभर होते. सायंकाळी तो धावत घरी जाई आणि दार बंद होण्यापूर्वी पुन्हा धावत परते. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पाठांतरात त्याचे मन रमेना. थोरल्या भावाबरोबर तो रसायनांचे प्रयोग करी, त्याबद्दल मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. हा मुलगा कुळाचे नाव घालवणार, अशी वडिलांनाही धास्ती होती.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी १८२५ मध्ये त्याला एडिंबरो येथे पाठविण्यात आले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. एका बालकावरील शस्त्रक्रिया पाहून तो बाहेर पळाला आणि ते शिक्षण सुटले. मात्र त्याच शहरात त्याला एक गुरू लाभला. जॉन एडमन्स्टन हे गयानामधून आलेले, गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय गृहस्थ. पक्ष्यांची कातडी पेंढा भरून टिकविण्याची विद्या त्यांनी या श्रीमंत घरच्या मुलाला शिकविली. पुढील प्रवासात ती त्याच्या फार उपयोगी पडली. ज्यांच्या माणूसपणाविषयीच युरोपात वाद चालत असे, त्यांच्यातीलच एका सुजाण माणसासमोर डार्विन शिष्य म्हणून बसला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

केंब्रिजचे शिक्षण संपवून २७ डिसेंबर १८३१ रोजी ते ‘बीगल’ जहाजावरून निघाले. पाच वर्षांची ही सफर समुद्र लागण्याचा त्रास सोसत झाली. ब्राझीलमध्ये त्यांनी गुलामांचे हाल पाहिले आणि गुलामगिरीची तरफदारी करणाऱ्या कप्तानाशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर त्यांनी अनेक लहान पक्षी जमविले. परंतु कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, याची नोंद त्यांनी नीट ठेवली नाही. लंडनला परतल्यावर पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्या निरनिराळ्या जाती असल्याचे दाखविले, तेव्हा डार्विन यांना आपली चूक उमगली. मग सहप्रवाशांच्या नोंदी मागून त्यांनी ती भरून काढली. प्रयोगवहीत तारीख व ठिकाण का लिहावे, हे मुलांना सांगताना याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

पुढील वीस वर्षे त्यांनी पुरावे जमविले. कबुतरे पाळून, सर्व पाळीव जातींचे मूळ एका रानपारव्यात आहे हे पडताळले. बिया समुद्र ओलांडून जाऊ शकतात का, हे पाहण्यासाठी ८७ प्रकारच्या बिया मिठाच्या पाण्यात ठेवल्या. २८ दिवसांनंतरही त्यांपैकी ६४ प्रकारांना अंकुर फुटले. या कामासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. याच काळात, १८५१ मध्ये, दहा वर्षांची लाडकी कन्या ॲनी दगावली. ते दुःख त्यांना जन्मभर पुरले.

१८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस या तरुण निसर्गशास्त्रज्ञाचे टिपण टपालाने आले. त्यात तोच सिद्धांत होता. डार्विन ते दडपू शकले असते, पण मित्रांच्या सल्ल्याने १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी जातींच्या उगमावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सजीवांत जन्मतःच लहानसहान फरक असतात. परिस्थितीत उपयोगी पडणारे फरक असलेले जीव अधिक तगतात आणि ते गुण पुढील पिढीत जातात. दीर्घ काळात यातूनच नव्या जाती घडतात. माणूस आजच्या माकडापासून झाला असे त्यांचे म्हणणे नव्हते. दोघांचे पूर्वज एक, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या विचाराची विटंबनाही झाली. बलवानाने दुबळ्याला चिरडणे हाच निसर्गनियम, असे सांगून अनेकांनी विषमतेचे समर्थन केले. स्वतः डार्विन यांच्या लेखनातही स्त्रिया व वसाहतींतील लोकांविषयी त्यांच्या काळाचे पूर्वग्रह आढळतात, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु सर्व मानव एकाच मुळाचे, हा त्यांचा निष्कर्ष जन्मावरून उच्चनीच ठरविणाऱ्या प्रत्येक कल्पनेचा पायाच काढून घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात जात ही वंशांची विभागणी नसल्याचे मांडले होते.

आयुष्याच्या अखेरीस डार्विन गांडुळांच्या अभ्यासात रमले. जवळच पियानो वाजविला तरी गांडुळे हलत नसत. कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडला की मात्र ती बिळात शिरत. यावरून त्यांना ऐकू येत नाही, कंपने मात्र जाणवतात, हे ठरले. शेतकऱ्याच्या या मित्रावरील त्यांचा ग्रंथ १८८१ मध्ये निघाला आणि १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या आवारातही पावसाळ्यात गांडुळे निघतात, छपरावर पारवे घुमतात. एखादी मुलगी त्यांच्याकडे पाहत थांबली, हे असे का, म्हणून विचारू लागली, तर पालकांनी व शिक्षकांनी तिला गप्प करू नये, एवढीच या निमित्ताने आमची विनंती आहे. उत्तर ठाऊक नसेल तर तिच्यासोबत शोधावे. ती दहावीचा तो पाठ तेव्हा खऱ्या अर्थाने शिकेल.