विश्लेषण : कॅमेरा कोल्हापुरातच घडवणारे बाबूराव पेंटर कोण होते?

शिरोली एमआयडीसीत आज ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप आहेत. ही वसाहत उभी राहण्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या कारागिरांनी एक अवघड यंत्र घडवले होते, ते म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा. त्यामागचे नाव बाबूराव पेंटर.

‘पेंटर’ हे नाव कसे पडले?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसोबत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. हे काम एवढे गाजले, की मेस्त्रींचे पेंटर झाले.

कॅमेरा कसा तयार झाला?

फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर (१९१३) दोघांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. आधी जुना प्रोजेक्टर आणून खेळ दाखवले, मग कॅमेऱ्याची जुळणी हाती घेतली. १९१६ मध्ये काम अर्धवट असतानाच आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते १९१८ पर्यंत तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

चित्रपटांत नवे काय होते?

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीभूमिका पुरुषांनी केल्या होत्या. ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर आल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला. पौराणिक आणि ऐतिहासिक पटांची चलती असताना ‘सावकारी पाश’ने (१९२५) सावकाराकडे जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांची होती.

कंपनीचे पुढे काय झाले?

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. हाताखाली तयार झालेली माणसे एकदम गेल्याने बाबूरावांची कंपनी खिळखिळी झाली. १९३१ मध्ये बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना सरला. कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर मोजकेच बोलपट केले. ते पुन्हा कुंचला आणि शिल्पाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा वारसा कोणता?

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. चित्रपटावर नाव प्रभातचे होते. पण दोन्ही दिग्दर्शकांचे हात बाबूरावांच्या कार्यशाळेत तयार झाले होते.