किल्ल्यातली पहाट आणि मौलानांची स्मरणशक्ती

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की चांदबीबी आठवते आणि पाठोपाठ पंडित नेहरू. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच बराकीत, काही खोल्या सोडून, आणखी एक पुस्तक आकार घेत होते. त्याचे लेखक तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. मेंदू तल्लख कशाने राहतो, हा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येकाने मौलानांच्या आयुष्याकडे एकदा पाहावे. त्यात अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही.

आझादांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. दोनेक वर्षांत कुटुंब कोलकात्याला आले. वडील जुन्या वळणाचे विद्वान. मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान असा जो अभ्यासक्रम संपवायला इतरांना विशी-पंचविशी गाठावी लागे, तो या मुलाने सोळाव्या वर्षी पुरा केला आणि स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायला बसला. मग चोरून सतार शिकणे, १९१२ मध्ये ‘अल-हिलाल’ साप्ताहिक, रांचीची स्थानबद्धता आणि १९२३ मध्ये, पस्तिशीत, काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्षपद. बालपणी आणि तारुण्यात असे शिक्षण झाले की मेंदूत एक राखीव गंगाजळी तयार होते, असे आजचे संशोधक मानतात. पुढे वयोमानाने झीज झाली तरी त्या शिलकीवर काम बराच काळ निभावते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. कार्यकारिणीच्या नेत्यांना रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात ठेवले. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रही मिळत नव्हते. अशा वेळी माणूस खचतो किंवा वेळापत्रक धरून बसतो. मौलानांनी वेळापत्रक धरले. पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचे. चहा चिनी, मोगऱ्यासारख्या जाईच्या सुगंधाचा. दूध घालणे त्यांना मान्यच नव्हते. (आपल्याकडच्या उकळलेल्या चहाला त्यांनी चहा म्हटले नसते!) चहाने बुद्धी वाढते का, असे वाचक विचारतील. चहा पिणाऱ्यांच्या निरीक्षणांतून काही आशादायक गोष्टी दिसतात, पण तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मला त्या कपापेक्षा ठरलेली वेळ महत्त्वाची वाटते.

मौलाना पहाटे लिहीत ती पत्रे. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण पोस्टात न टाकता येणारी. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. बराकीतल्या चिमण्यांशी झालेली दोस्ती, फुलांचे वाफे, संगीत, इतिहास असे विषय. आणि मजकुरात जागोजागी पेरलेले अरबी, फारसी, उर्दू शेर, शेकड्यांनी. हे बहुतेक सारे आठवणीतून उतरलेले. नंतर अभ्यासकांनी मूळ दिवाण उघडून ताडून पाहिले, तेव्हा काही शेरांत शब्द किंचित बदललेले आढळले. मला हे फरक फार मोलाचे वाटतात. स्मरण म्हणजे कपाटातून फाईल काढणे नव्हे. मेंदू दर वेळी आठवण नव्याने जुळवतो, आणि तसे करताना जागा मोकळी असली की आपल्या पदरचा शब्द घालतो.

सोबतही तोलामोलाची होती. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, असफ अली. कोणी बौद्ध ग्रंथात बुडालेले, कोणी बागेत कुदळ चालवणारे. वाचन, लेखन, गप्पा, शरीरश्रम असे सगळे एका कुंपणात आले होते.

मात्र १९४३ च्या वसंतात कोलकात्याहून पत्नी झुलेखा बेगम यांच्या गंभीर आजारपणाची बातमी आली. सरकारकडे सुटकेची याचना करायला मौलाना तयार नव्हते. ९ एप्रिलला त्या गेल्या. तीन महिन्यांनी बहीणही गेली. मौलानांनी दिनक्रम मोडू दिला नाही. ठरल्या वेळी उठले, ठरल्या वेळी जेवणाच्या टेबलावर आले. पण शरीराने हिशेब ठेवला. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेले वजन नगर सोडताना १३० वर आले होते, म्हणजे १८ किलो घट. भूक जवळजवळ गेली होती. नैराश्य आणि एकटेपण यांचा स्मृतिभ्रंशाच्या जोखमीशी संबंध आहे, हे आता मान्य झाले आहे. तेव्हा ते ‘मनाला लावून घेणे’ एवढेच होते.

या सगळ्याची शास्त्रीय चाचणी व्हायला पुढची सत्तर वर्षे जावी लागली. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या, स्मृतिभ्रंशाची जोखीम असलेल्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचा आरोग्यसल्ला. उरलेल्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण दुसऱ्या गटात एकूण २५ टक्के अधिक. विचारांचा वेग आणि नियोजनक्षमता यांत फरक स्पष्ट होता. निव्वळ स्मरणशक्तीच्या मुख्य मोजमापात मात्र तो ठळक नव्हता. ‘महिनाभरात स्मरणशक्ती दुप्पट’ अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

त्या चार पायांपैकी चौथा, रक्तवाहिन्यांची निगा, मौलानांच्या पिढीला जवळपास उपलब्धच नव्हता. १९४५ मध्ये त्यांना नगरहून बांकुऱ्याला हलवले. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता आणि मोठमोठ्या डॉक्टरांकडेही तो उतरवणारे धड औषध नव्हते. सहज घेता येतील अशा परिणामकारक गोळ्या १९५८ च्या सुमारास आल्या. रक्तदाब अधिक काटेकोर ठेवल्यास सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण घटते, हे २०१९ मधल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. शिवाय मौलाना सिगारेट ओढत.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. विद्यापीठ अनुदान आयोग आणि खरगपूरची आयआयटी त्यांच्याच काळातली. अखेरच्या वर्षांत संध्याकाळी ते हुमायून कबीर यांना उर्दूत आठवणी सांगत आणि कबीर त्यावरून इंग्रजी मजकूर तयार करीत. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ असे घडले. बुद्धी शाबूत होती. फेब्रुवारी १९५८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि २२ तारखेला, ६९ व्या वर्षी, ते गेले. आत्मचरित्राचे तीन खंड करायचे त्यांच्या मनात होते. मधला तेवढा पूर्ण झाला होता.