महबूब अली पाशा आणि वेदनेचा प्रश्न

आपल्या चितेगावपासून पैठण-औरंगाबादपर्यंतचा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामांच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना रयत प्रेमाने महबूब अली पाशा म्हणे. त्यांच्या ऐश्वर्याच्या आणि दानशूरपणाच्या कथा आपण ऐकल्या असतील. आज त्यांच्या चरित्रातील एक कमी परिचित पान पाहू.

त्यांचा जन्म 1866 चा. वडिलांच्या निधनानंतर 1869 मध्ये, वयाची तीन वर्षेही पूर्ण झालेली नसताना, ते गादीवर आले. राज्याचा कारभार सर सालारजंग यांनी सांभाळला आणि 1884 मध्ये तरुण महबूब अली खान यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म हुंगवून भूल देत. वेदना थांबे, पण काही रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावत. आधी हृदय थांबते की श्वास, यावर वैद्यकविश्वात मोठा वाद होता. आधी श्वास थांबतो, असे हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत होते. या प्रश्नाच्या छाननीसाठी 1888 मध्ये हैदराबादेत आयोग नेमला गेला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षावर शंका घेतली. निजाम रागावले नाहीत. शंका घेणाऱ्यांनी स्वतःच आपला तज्ज्ञ पाठवून खात्री करावी, म्हणून त्यांनी 1000 पौंड दिले. 1889 मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले आणि प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. आयोगाने पुन्हा लॉरींच्याच मताला पुष्टी दिली: भूल देताना श्वासावर अखंड नजर ठेवावी.

हा निष्कर्ष अपुरा होता. हलक्या भुलीतही हृदय अचानक बंद पडू शकते, हे 1911 मध्ये इंग्लंडमधील संशोधनातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी महबूब अली खान यांचे निधन झाले. हैदराबादच्या मक्का मशिदीच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत. उत्तर अपुरे ठरले, तरी प्रश्न विचारण्यामागील कळकळ वाया गेली नाही. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरात त्यांनी पूरग्रस्तांसाठी राजवाड्याची दारे उघडली, त्यामागेही हीच कळकळ होती.

योगायोग पाहा, त्यांच्या हाती सत्ता आली त्याच 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी औषधाचे थेंब टाकून फक्त डोळा बधिर करून दाखवला. संपूर्ण शरीराला भूल न देता तेवढीच जागा बधिर करण्याचा मार्ग तेथून खुला झाला. आज लहान मुलाच्या किरकोळ जखमेवर लिग्नोकेन, टेट्राकेन आणि अ‍ॅड्रेनालिन यांचे मिश्रण असलेले जेल लावून साधारण 20 ते 30 मिनिटे थांबले, तर पुष्कळदा सुई न टोचताही टाके घालता येतात.

तरीही आपल्याकडे काय घडते? दोनच टाके आहेत, पोराला घट्ट धरा, असे म्हणून आपण मोकळे होतो. वाचकहो, सब्र हा मोठा गुण खरा. पण नाबालिग मूल मुकल्लफ नसते, त्याच्याकडून सब्राची मागणी आपण कोणत्या अधिकाराने करतो? नमाजमध्ये बाळाचे रडणे कानी पडताच प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) आईच्या काळजीपोटी नमाज आटोपती घेत. ज्यांच्या उम्मतीत आपण आहोत, त्यांची ही दयाळूवृत्ती दवाखान्यातही आपल्यासोबत असावी.

म्हणून टाके घालण्यापूर्वी डॉक्टरांना अदबीने विचारा: जागा बधिर करता येईल का? जेल नसेल तर बारीक सुईने, सावकाश दिलेले इंजेक्शनही उपयोगी पडते. मात्र दुकानातून मलम आणून घरी स्वतः जखमेवर लावू नका. काही बधिर करणारी मलमे केवळ अखंड त्वचेसाठी असतात, आणि मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरते. ती जास्त झाल्यास झटके येऊ शकतात, हृदयावरही परिणाम होतो.

एका राज्यकर्त्याने परक्यांच्या वेदनेसाठी खजिना उघडला. आपल्याला तर आपल्याच लेकरासाठी केवळ अर्धा तास थांबायचे आहे. अल्लाह आपल्या अंतःकरणात रहम निर्माण करो. आमीन.