नदीपलीकडचा बिशप : मातेउस द कास्त्रो

सर्वण, कारापूर, मये, नार्वे ही डिचोली तालुक्यातील गावे आज गोव्याचा अविभाज्य भाग आहेत. सतराव्या शतकात मात्र हा मुलूख पोर्तुगिजांचा नव्हता. येथे विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता आणि मांडवीच्या पाण्यापलीकडे तिसवाडीत पोर्तुगिजांची सत्ता होती. धर्मच्छळाच्या काळात दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्वे येथे आला, ही कथा आपल्याला ठाऊक असते. त्याच दिवाडीचा एक ख्रिस्ती धर्मगुरूही पुढे न्यायासाठी असाच नदी ओलांडून डिचोलीला येऊन राहिला, हे मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. लॅटिन पंथातील पहिले भारतीय बिशप मातेउस द कास्त्रो ते हेच.

त्यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावरील नावेली येथे झाला. घराणे महाले आडनावाच्या ब्राह्मणांचे असून त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्रींच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मुलगा बुद्धिमान होता, श्रद्धाळू होता आणि त्याला धर्मगुरू व्हायचे होते. पण तत्कालीन आर्चबिशप क्रिस्तोवाँव द सा इ लिजबोआ यांनी एतद्देशीयांना दीक्षा न देण्याचे धोरण धरले होते. बाप्तिस्मा देताना सर्व माणसे देवाची लेकरे मानणारी ही व्यवस्था वेदीजवळ पोहोचताच कातडीचा रंग पाहू लागत असे. तरुण मातेउस यांच्या मनाला बसलेला हा पहिला चटका होता.

दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. मातेउस यांनी रोमची वाट धरली. १६२५ च्या सुमारास कार्मेलाइट पाद्रींच्या साहाय्याने ते खुष्कीच्या मार्गाने निघाले. आशियातील वाळवंटे तुडवीत रोमला पोहोचणे हे त्या काळी जिवावरचे धाडस होते.

रोममधील परिस्थिती त्यांना अनुकूल ठरली. पोपने १६२२ मध्ये प्रोपागांदा फिदे ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था स्थापन केली होती. पूर्वेकडील चर्चचा कारभार पाद्रुआदो हक्कामुळे पोर्तुगालच्या राजाच्या मुठीत होता. ती मूठ सैल करावी आणि त्या त्या देशातील माणसांतूनच धर्मगुरू घडवावेत, असे या संस्थेचे चिटणीस फ्रांचेस्को इंगोली यांचे मत होते. इंगोली यांनी या गोमंतकीय तरुणाला हाताशी धरले. मातेउस यांनी रोममध्ये अध्ययन केले आणि १६३० च्या आसपास त्यांना दीक्षा मिळाली.

१६३३ मध्ये ते गोव्यात परतले, तेव्हा गोव्यातील धर्मसत्तेने रोमची अधिकारपत्रे मान्य करण्याचे नाकारले. मातेउस पुन्हा रोमला गेले. या वेळी रोमने अधिक मोठे पाऊल उचलले. १६३७ मध्ये क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. पोर्तुगालच्या दरबाराला सुगावा लागू नये म्हणून हा विधी गुप्तपणे पार पाडण्यात आला. विजापूर राज्यासाठी, म्हणजे पोर्तुगीज कागदपत्रांतील इदालकाँवच्या मुलखासाठी, पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. आजच्या मुंबई धर्मप्रांताचा इतिहासही याच नेमणुकीपासून मोजला जातो.

बिशप होऊनही गोव्याची दारे त्यांना बंदच राहिली. अखेर त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोलीत आपले ठाणे मांडले. एका ख्रिस्ती बिशपला ख्रिस्ती राजाच्या राज्यात थारा मिळू नये आणि मुसलमान सुलतानाच्या मुलखात तो मिळावा, हा काळाचा मोठा विपर्यास होता. गोव्यात दीक्षा नाकारली गेलेले तरुण नदी ओलांडून डिचोलीला येऊ लागले आणि मातेउस यांच्या हस्ते धर्मगुरू होऊ लागले. या दीक्षाच वैध नाहीत, असे गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी म्हटले. इथिओपियाचे पात्रिआर्क असलेले जेजुइट आफोंसु मेंदिश यांच्याशी त्यांचा उघड संघर्ष झाला. तक्रारी रोमपर्यंत गेल्या आणि मातेउस यांना पुन्हा रोमची वारी करावी लागली.

या दीर्घ झगड्याने त्यांच्या स्वभावात कडवटपणा आला. १६५३ मध्ये त्यांनी ब्राह्मणांचा आरसा या अर्थाचे शीर्षक असलेली एक पत्रिका लिहिली. पोर्तुगिजांनी चालविलेल्या अपमानाचा पाढा वाचून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना जागे करण्याचा तिचा हेतू होता. परकीय सत्तेविरुद्ध गोमंतकीयाने उठविलेल्या आरंभीच्या लिखित आवाजांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजा पोर्तुगीज हद्दीत शिरल्या, तेव्हा त्यामागे बिशपांची चिथावणी असल्याचा आरोप झाला. वेंगुर्ल्यात वखार असलेल्या डचांशी त्यांचे संधान असल्याचेही बोलले गेले. पोर्तुगिजांच्या लेखी ते राजद्रोही ठरले.

चरित्र लिहिताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. मातेउस यांची न्यायाची मागणी खरी होती, पण ती मुख्यतः आपल्या जातीपुरती होती. वर्णाच्या गर्वाने पोळलेल्या या माणसाला स्वतःच्या जातीचा अभिमान सोडता आला नाही. आपल्या आरशात त्यांनी ब्राह्मणांना पाहिले. त्याच चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या इतर जातींच्या ख्रिस्ती बांधवांना त्या आरशात जागा नव्हती. धर्म बदलला तरी जात उंबरठ्यावर राहत नाही, ती घरात शिरते. गोव्यातील हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांना हे सांगण्याची गरज नाही.

कुटुंबाचा धागाही त्यांनी घट्ट धरून ठेवला. त्यांचे भाचे-पुतणे याच मार्गाने पुढे आले. कुश्तोदियु द पिन्यु हे विजापूर प्रांतासाठी त्यांचे उत्तराधिकारी झाले आणि तोमाश द कास्त्रो यांच्याकडे कानडा किनाऱ्याची जबाबदारी आली. याला कुणी नात्यागोत्याचा कारभार म्हणेल. मात्र बाहेरची सारी दारे बंद असलेल्या माणसाला विश्वासाने काम सोपविण्यासाठी घरातलीच माणसे उरतात, हेही विसरता येत नाही. पुढे कानड्यात गेलेल्या जुझे वाझ या तरुण पाद्रींना याच तोमाश द कास्त्रो यांच्याशी अधिकाराच्या वादाला तोंड द्यावे लागले. २०१५ मध्ये संतपद लाभलेले वाझही गोमंतकीयच होते. भांडण रोम आणि लिस्बन यांचे होते, पण समोरासमोर उभे होते दोन गोवेकर.

१६५८ मध्ये मातेउस शेवटचे रोमला गेले, ते परतले नाहीत. तेथेच १६७७ मध्ये वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांचे निधन झाले. ज्या मातीत सेवा करण्याचा हक्क मागण्यात त्यांचे आयुष्य सरले, त्या मातीत त्यांना विसावा मिळाला नाही.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र उरला. १७८७ मध्ये पिंतोंचे बंड म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीस आला. बढती नाकारली गेलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंचा असंतोष हे त्याचे एक कारण होते आणि त्याच्या सूत्रधारांपैकी जुझे आंतोनियु गोंसाल्विश हे पाद्री दिवाडीचेच होते. गोव्याच्या आर्चबिशपपदी गोमंतकीय राऊल गोन्साल्विश यांची नियुक्ती होण्यास १९७८ साल उजाडले. मातेउस यांच्या निधनाला तेव्हा तीनशे वर्षे होऊन गेली होती.

डिचोलीच्या बाजारात जाणारा सर्वणचा माणूस आज ज्या वाटेने चालतो, त्या परिसरात एके काळी हा बिशप आपल्याच लोकांना दीक्षा देत होता. श्रद्धा सर्वांना समान मानते, असे म्हणणाऱ्यांनी ती समानता कारभारातही दाखवावी, एवढीच त्यांची मागणी होती. ही मागणी त्यांनी सत्ताधाऱ्यांकडे निर्भयपणे केली, पण स्वतःच्या जातीपलीकडे ती नेणे त्यांना साधले नाही. त्यांच्या धैर्याचे स्मरण करताना त्यांचे हे अपुरे राहिलेले कामही आपण लक्षात ठेवले पाहिजे.